तेच तारू

जुन्या वस्तूची दुरुस्ती करावी की तिच्या जागी नवी आणावी, हा प्रश्न वरकरणी पैशाचा आणि सोयीचा दिसतो, आणि बहुतेक वेळा तो तसाच सोडवलाही जातो. परंतु ज्या वस्तूवर माणसाने आपला जीव हवाली केलेला असतो तिच्या बाबतीत हाच प्रश्न जमाखर्चाच्या वहीतून निसटून दर्शनशास्त्राच्या प्रांतात शिरतो, आणि तेथे तो इतका गहन होऊन बसतो की ग्रीस आणि भारत या दोन्ही देशांतील विचारवंतांनी शतकानुशतके त्याच्याशी झुंज देऊनही त्याचा सर्वमान्य फैसला अद्याप झालेला नाही. शिडाच्या जुन्या नौकेवरील झिजलेला विंच हा या प्रश्नाचा एक लहानसा दाखला होय. आणि लहान दाखल्याची सोय अशी, की तो हातात घेऊन उघडून पाहता येतो.

विंच म्हणजे शिडाचा दोर ताणण्यासाठी नौकेच्या डेकवर घट्ट बसवलेला, कांशाचा, ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा उभा ड्रम. वाऱ्याने भरलेले शीड शेकडो किलोंच्या जोराने दोर ओढीत असते, आणि असा दोर नुसत्या मुठीत धरून ठेवणे कोणाही खलाशाच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून ड्रमभोवती त्याची तीन-चार वेटोळी घालतात. प्रत्येक वेटोळ्यागणिक घर्षणाची पकड बेरजेच्या नव्हे, गुणाकाराच्या हिशेबाने वाढत जाते, त्यामुळे एका टोकाला वाऱ्याचा सारा जोर असताना दुसरे टोक एका हाताने सांभाळता येते. दोर आत खेचावयाचा तर ड्रमच्या माथ्यावरील खाचेत हँडल बसवून ते फिरवावे लागते. हँडल 10 इंच लांबीचे आणि ड्रमचा व्यास 3 इंच असला तर तेवढ्यानेच हाताचा जोर सुमारे साडेसहापट होतो, आणि आत सहास एक या प्रमाणाची दातेरी चक्रे असली तर तोच 40 पट होतो. घर्षणात जाणारी तूट अर्थातच वजा. तथापि या यंत्राचे मर्म त्याच्या जोरात नाही. ड्रमच्या आत बोटाच्या पेराएवढे काही खटके असतात आणि प्रत्येक खटक्यामागे बारीक तारेची एक स्प्रिंग असते. ड्रम योग्य दिशेने फिरत असता हे खटके टकटक करीत दात्यांवरून घसरतात, आणि दोराने ड्रमला उलट ओढले की दात्यांत अडकून त्याला जागच्या जागी रोखतात. मिळवलेले परत जाऊ न देणे, एवढेच त्यांचे कर्तव्य. परंतु विंचाची सारी प्रतिष्ठा त्या कर्तव्यावर उभी आहे.

झीज होते ती नेमकी तेथेच. कांशाचा ड्रम अनेक दशके टिकतो. त्याच्या पोटातील ग्रीसमध्ये मात्र मीठ आणि धूळ मिसळून त्याचे चिकट कीट बनते, स्प्रिंगा दमतात, खटक्यांच्या धारा गोलावतात, आणि ॲल्युमिनियमच्या अंगात पोलादी स्क्रू असले तर खाऱ्या पाण्याच्या संगतीने ॲल्युमिनियम आतून पोखरले जाते. ऐन वाऱ्यात खटका निसटला तर हँडल उलटे गरगरत येऊन हाताचे हाड मोडते. म्हणून जाणते खलाशी दरवर्षी विंच उघडून त्याचे भाग रॉकेलमध्ये धुतात, चक्रांना ग्रीसचा हलकासा हात देतात आणि खटक्यांना मात्र ग्रीस अजिबात न लावता पातळ तेलाचा एखादाच थेंब देतात, कारण जाड ग्रीसमध्ये खटका रुतून बसला की तो दात्यापर्यंत पोहोचतच नाही. बॅरियंट आणि बार्लो या, एके काळी शर्यतीच्या नौकांवर सर्रास दिसणाऱ्या विंचांच्या कारखान्यांची नावे आज बाजारातून गेली आहेत. त्यांचा सुटा भाग हवा तर तो शोधावा लागतो, नाहीतर लेथवर घडवून घ्यावा लागतो. अशा वेळी नव्या विंचाचा झगमगाट मालकास मोहात पाडतो, आणि जुना ठेवावा तर मनात निराळीच शंका उभी राहते: गतवर्षी स्प्रिंगा बदलल्या, यंदा खटके बदलले, पुढे चक्रे आणि कदाचित ड्रमही बदलेल, मग जुना म्हणून आपण जो जपतो आहोत तो आहे तरी कोठे?

ही शंका अथेन्सच्या तत्त्वज्ञांना फार पूर्वी पडली होती. क्रीट बेटावरील संकटातून सात कुमार आणि सात कुमारिका यांना थीसियसने ज्या तीस वल्ह्यांच्या नौकेतून सुखरूप परत आणले, ती नौका अथेन्सकरांनी डीमीट्रियस फॅलेरियसच्या काळापर्यंत, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत, जतन केली होती, असे चरित्रकार प्लुटार्क सांगतो. तिची कुजलेली फळी काढावी आणि तेथे नवी मजबूत फळी बसवावी, असा क्रम चालू राहिला. आणि वाढत्या, बदलत्या वस्तूंच्या तादात्म्याविषयी वाद घालणाऱ्या तत्त्वज्ञांना ती नौका आयतीच उदाहरणास मिळाली. एक पक्ष म्हणे नौका तीच आहे, दुसरा म्हणे ती नाही. पुढे 1655 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात थॉमस हॉब्जने या वादाला एक नवी मेख मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी एकाने जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून त्यांची नौका पुन्हा उभी केली, तर दोहोंपैकी थीसियसची नौका कोणती? द्रव्य प्रमाण मानावे तर दुसरी, अखंड चालत आलेले रूप प्रमाण मानावे तर पहिली. आणि दोन्ही मानावीत तर एकाच नौकेच्या दोन नौका झाल्याचे कबूल करावे लागते.

आपल्याकडील दर्शनकारांनी हा मामला अधिक बारकाईने हाताळला आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी हा अवयवांहून भिन्न असा एक स्वतंत्र पदार्थ असतो. परंतु त्याच मतानुसार वस्त्राचा एक तंतू निघाला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन उरलेल्या तंतूंचे नवे खंडपट उत्पन्न होते. हा न्याय कठोरपणे लावला तर एक स्प्रिंग बदलताच जुना विंच संपला आणि नवा जन्मास आला, असे म्हणणे प्राप्त होते. बौद्धांनी याच्याही पुढे जाऊन अवयवी म्हणून काही असतो हेच नाकारले. शाकल नगरीत राज्य करणाऱ्या मिलिंद या यवन, म्हणजे ग्रीक, राजाला भदंत नागसेनाने त्याच्याच रथाचा दाखला दिला: आस म्हणजे रथ नव्हे, चाके म्हणजे रथ नव्हे, सांगाडा म्हणजे रथ नव्हे, आणि या सर्वांवाचून निराळा असाही रथ नाही, रथ हा केवळ एक व्यवहार आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरातील दीपज्योत आणि शेवटच्या प्रहरातील दीपज्योत यांच्याविषयी जे म्हणता येते, की ती तीच नव्हे आणि अन्यही नव्हे, तेच प्राणिमात्राविषयीही म्हणावे, असा त्याचा अभिप्राय. ज्यांच्या देशात नौकेवरून वाद माजला होता त्या यवनांच्या एका राजाला भारतात रथाच्या निमित्ताने असे उत्तर मिळावे, हा इतिहासातील एक रमणीय योग आहे.

आचार्य शंकरांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात बौद्ध मताचा परामर्श घेताना एक मार्मिक भेद दाखवला आहे. बाहेरच्या वस्तूविषयी ‘ही तीच आहे की तिच्यासारखी दुसरी आहे’ असा संशय क्वचित उद्भवू शकतो. परंतु जो काल पाहत होता आणि आज आठवतो आहे त्या द्रष्ट्याच्या मनात ‘मी तोच की माझ्यासारखा दुसरा’ असा संशय कधी येत नाही. हा भेद मान्य केला तर वस्तूचे ‘तेच’पण स्वतःचे नसून पाहणाऱ्याकडून उसने आलेले असते, आणि विंच तोच आहे याचा अर्थ इतकाच होतो, की त्याचा दोर ओढणारा मी तोच आहे.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो प्लेटोने आपल्या ‘फीडो’ या संवादात सीबीझच्या तोंडी घातला आहे. गीतेने आत्मा आणि देह यांना माणूस आणि त्याची वस्त्रे यांची उपमा दिली. जवळजवळ तीच उपमा घेऊन सीबीझ उलट्या दिशेने जातो. विणकर आपल्या हयातीत अनेक वस्त्रे विणतो आणि झिजवतो हे खरे, पण त्याने विणलेले शेवटचे वस्त्र त्याच्या मरणानंतरही शिल्लक राहते. मग आत्म्यानेही अनेक देह झिजवून अखेरीस एका देहाआधी विलयास जाऊ नये कशावरून? आत्म्याच्या नित्यत्वाला हा आक्षेप कितपत बाधक ठरतो, याचा विचार वेदान्त्यांनी करावा. नौकेच्या बाबतीत मात्र त्याला उत्तर नाही. मालकाने कितीही विंच झिजवले तरी शेवटचा कांशाचा विंच त्याच्या पश्चात राहणार, नौका दुसऱ्याच्या हाती जाणार, आणि तरीही लोक तिला तेच तारू म्हणणार. तेव्हा तादात्म्याचे मूळ द्रव्यात नाही, रूपात नाही, आणि एका द्रष्ट्याच्या स्मृतीतही नाही.

ते कोठे आहे, याचा निर्देश स्वतः त्या अथेन्सच्या नौकेतच होता. केवळ फळ्या मोजण्यात गुंतलेल्या तत्त्वज्ञांचे तिकडे लक्ष गेले नाही. कुजलेली फळी काढून नवी बसवण्याची तसदी अथेन्सकर का घेत होते? मुले वाचली तर दरवर्षी डेलॉस बेटावर अपोलो देवाकडे यात्रा पाठवू, असा त्यांनी नवस केला होता, आणि थीसियसच्या म्हणून मानलेल्या नौकेतून ते ही यात्रा पाठवीत. यात्रेची नौका पुष्पमालांनी सजल्यापासून ती परत बंदरात येईपर्यंत नगरी पवित्र राखावयाची, कोणाचाही वध करावयाचा नाही, असा कायदा होता. इसवी सनापूर्वी 399 मध्ये सॉक्रेटिसाचा न्याय होण्याच्या आदल्या दिवशी ती नौका सजवली गेली, आणि झेनोफन सांगतो त्याप्रमाणे त्या यात्रेमुळे सॉक्रेटिसाला 30 दिवस तुरुंगात वाट पाहावी लागली. ती परत आली तेव्हा देह गेल्यावर आत्मा राहतो काय, याची चर्चा करीत त्याने विषाचा पेला घेतला. फळी तीच आहे की नाही, हा वाद वादशाळेत चालत असेल; कायद्यापुढे, देवापुढे आणि मरणाच्या दारात बसलेल्या त्या माणसापुढे मात्र ती निःसंशय तीच नौका होती, कारण तिच्या शिरावरील व्रत तेच होते आणि ते मोडलेले नव्हते. माझ्या मते वस्तूचे तादात्म्य तिच्या कर्तव्याच्या अखंड वहिवाटीत असते. जी वस्तू ज्या कार्यासाठी ठेवलेली आहे ते कार्य न खंडता चालू राहिले, आणि तिचा प्रत्येक नवा अवयव त्या चालत्या कार्यात रुजू झाला, तर वस्तू तीच. कार्य थांबले, तर एकही अवयव न बदलता ती दुसरी होते.

हा सिद्धान्त धर्माचरणाला अपरिचित नाही. जगन्नाथपुरीस ज्या वर्षी आषाढ हा अधिक मास येतो त्या वर्षी देवांचे नवकलेवर होते. असे नवकलेवर 1996 मध्ये आणि त्यानंतर 2015 मध्ये झाले. लक्षणांनी युक्त असे निंबवृक्ष शोधून नव्या दारुमूर्ती घडवतात, आणि मध्यरात्री जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत नेऊन ठेवतात. हे काम करणाऱ्या दैतापतींचे डोळे बांधलेले असतात, हातांना वस्त्र गुंडाळलेले असते. तो पदार्थ काय आहे हे त्यांनी पाहावयाचे नाही, स्पर्शानेही जाणावयाचे नाही. जुन्या मूर्ती कोइली वैकुंठात पुरल्या जातात आणि दैतापती आप्ताच्या मृत्यूचे असावे तसे सुतक पाळतात. मूर्तीचे द्रव्य सबंध बदलले, तिचा मृत्यू खरोखरीचा मानून शोकही केला, आणि तरी जगन्नाथ तोच आहे. ज्यांच्या हातून हे सातत्य चालते त्यांना ते कशात आहे याचे ज्ञान नसते. ते वाहून नेण्याचा अधिकार आणि जबाबदारी मात्र असते. तर्काने ज्याचा पत्ता लागला नाही ते तादात्म्य येथे हातांनी पोचवले जाते.

याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईशी निगडित आहे. कुलाब्याच्या कार्यशाळेत बांधलेली आणि 1964 मध्ये पाण्यात उतरलेली ‘सुहेली’ नावाची 32 फुटी सागवानी नौका घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश दर्यावर्दी 14 जून 1968 रोजी फाल्मथहून एकटा निघाला आणि 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, वाटेत कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून तेथेच परतला. असे करणारा तो पहिला मनुष्य, आणि अशा प्रदक्षिणेसाठी त्या वर्षी लावलेल्या शर्यतीत निघालेल्या नऊ जणांपैकी ती पुरी करणारा एकमेव. सफरीच्या आरंभीच्या भागातच नौकेच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले तेव्हा त्याने भर समुद्रात पाण्याखाली बुडी मारून ते सांधे बुजवले होते, आणि पुढे नौका आपोआप दिशा धरून चालवणारे यंत्र मोडून गेले तेव्हा शिडे तोलून तिला वाटेवर ठेवले होते. पुढे ही कीर्तिमान नौका ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. तेथे तिला वारा नव्हता, मीठ नव्हते, तिचा एकही खिळा बदलण्याची गरज नव्हती. द्रव्य हेच तादात्म्य असते तर तिच्या इतकी सुरक्षित नौका जगात दुसरी नसती. घडले ते विपरीत. त्या नियंत्रित हवेत तिच्या फळ्या सुकून आकसू लागल्या, आणि तिला मरताना पाहणे न साहून नॉक्स-जॉन्स्टनने 2002 मध्ये तिला तेथून काढले आणि पुन्हा डागडुजी करून समुद्रास लावली. जतन करण्याच्या व्यवस्थेनेच जी क्षीण होत होती ती, तिच्या व्रतावर परत पाठवल्याने वाचली.

आणि हॉब्जची दुसरी नौकाही या कथेत आहे. त्या शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी, 2018 मध्ये, जुन्याच साधनांनिशी तीच प्रदक्षिणा पुन्हा योजण्यात आली, तेव्हा भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्यासाठी ‘सुहेली’च्याच बांधणीची ‘थुरिया’ गोव्यात बांधली गेली. दक्षिण हिंदी महासागरात सप्टेंबरमधल्या वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीला गंभीर इजा झाली, आणि एका फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. नौका मात्र समुद्रातच सोडावी लागली. ‘थुरिया’ ही ‘सुहेली’च होती असे कोणी म्हटले नाही, आणि ‘सुहेली’हून ती कमी होती असेही कोणास म्हणता येणार नाही. आकृती तीच असूनही तिने आपले स्वतःचे व्रत उचलले आणि त्यातच ती खर्ची पडली. आकृतीने नौका ‘तशीच’ होते. ‘तीच’ व्हावयास व्रताचा वारसा लागतो.

कोणी विचारील, की व्रतच सर्वस्व असेल तर सबंध विंच, किंबहुना सबंध नौकाच एकदम नवी आणून तिच्यावर तेच व्रत का लादू नये? पुरीस तर मूर्ती एकदमच बदलतात. पण तेथेही नव्यात ठेवावयाचे काहीतरी जुन्यातूनच उचलले जाते, आणि ते उचलणारे हात पिढीजात शिकलेले असतात. एखाद्या मामलेदार कचेरीत कारकून एकेक करून निवृत्त होतात, नवा माणूस जुन्यांच्या हाताखाली दफ्तराची रीत शिकतो आणि काही वर्षांत तेथे मूळचा एकही मनुष्य उरत नाही, तरी कचेरी तीच राहते. परंतु सारे कारकून एका दिवसात काढून सारे नवे बसवले तर दफ्तर जागेवर असूनही त्यातले कोणते बाड कशाचे, हे सांगणारा कोणी राहत नाही. विंचाचेही असेच आहे. जो तो उघडतो त्याला खटका कोणत्या बाजूने झिजला हे दिसते, आणि त्यावरून कोणत्या शिडावर सदैव जादा ताण पडत आला आहे हे कळते. हे ज्ञान जुन्या भागांच्या अंगावर लिहिलेले असते आणि सबंध विंच न उघडता फेकून दिला की ते त्याच्याबरोबर जाते. दुरुस्ती करणारा मनुष्य नुसता भाग बदलत नाही. आजवरच्या वहिवाटीची कैफियत वाचून तो पुढचा भार स्वीकारतो.

याचा अर्थ जुने ते सारे पूज्य, असा मात्र नव्हे. धार गेलेला खटका केवळ तो आजोबांच्या वेळचा म्हणून विंचात ठेवणे हा जीर्णोद्धार नसून आसक्ती आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाडावर बेतू शकते. गीतेच्या त्या उपमेतही वस्त्र टाकावयाचे ते जीर्ण झाले म्हणून. जुने झाले म्हणून नव्हे. भग्न मूर्ती विसर्जित करावी अशी आपल्या शास्त्राची आज्ञा आहे, आणि झीज होऊ लागलेल्या मूर्तीला वज्रलेप देऊन तिची पूजा पुढे चालवावी अशी तजवीजही त्याच परंपरेत आहे. दोन्ही निर्णयांचा निकष एकच, की पूजेचा भार ती मूर्ती यापुढे वाहू शकते काय. विंचाबाबतही वय विचारू नये, भार विचारावा. ड्रम पोखरला असेल, दाते बोथटले असतील, सुटा भाग कोठेच मिळत नसेल आणि घडवलेला भाग विश्वासाचा नसेल, तर नवा विंच आणणे हा व्रतभंग नव्हे. तेच त्या क्षणीचे व्रतपालन होय. आणि जुन्याच्या पोटात केवळ कीट साचले असताना झगमगाटासाठी तो टाकून देणे हा प्रमाद आहे, मग खिसा कितीही भरलेला असो.

माणसाच्या देहाविषयी आणि मनाविषयीही मला यापेक्षा निराळे सांगता येत नाही. लहानपणीचे दात, केस, त्वचा आणि कित्येक मते यांपैकी फारसे काही आपल्यापाशी राहिलेले नसते, आणि उरलेल्यात ‘मी’ शोधू लागणारा मनुष्य नागसेनाच्या रथाइतकाच रिकाम्या हाताने परत येतो. त्याने शोध अवयवांत न घेता आपण स्वीकारलेल्या कर्तव्यांत घ्यावा. कोणाला दिलेला शब्द अजून पाळला जात आहे आणि कोणता भार खाली ठेवलेला नाही, एवढे तपासले तर तो तोच आहे की नाही याचे उत्तर त्याला मिळेल. नौकेच्या मालकाला तर त्याहून सोपा सल्ला देता येतो. नवा विंच अवश्य घ्यावा, पण जुना स्वतःच्या हाताने उघडून, धुऊन, त्याचा प्रत्येक खटका बोटाने दाबून पाहिल्यावाचून घेऊ नये.